विटलेल्या रंगाला संयम म्हणायचं का?

बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात जपानी छापचित्रांचा, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांचा, एक संग्रह आहे, जो भिंतीवर कधीच लागत नाही. विल्यम आणि जॉन स्पॉल्डिंग या भावांनी १९२१ साली तो देताना अट घातली होती की ही चित्रं प्रदर्शनात मांडायची नाहीत. चित्रं सहा हजारांच्या वर आहेत. संग्रहालयाने अट पाळली. परिणाम असा की एदो काळातले, म्हणजे आजच्या तोक्योचं नाव एदो होतं तेव्हाचे, जांभळे, गुलाबी आणि कोवळे निळे रंग मूळच्या तेजाच्या जवळपास कसे दिसत होते, हे कळायला आज या संग्रहाइतका चांगला पुरावा फार थोड्या ठिकाणी आहे. आणि लोकांना तो बघायचा तर संगणकाच्या पडद्यावर.

आता त्याच काळातल्या चित्रकारांची चित्रं शंभर वर्षं भिंतींवर आणि घरांमध्ये उजेड खाऊन आलेली बघा. हारुनोबुचं जांभळं आकाश मातकट झालेलं असतं. उतामारोच्या बायकांच्या किमोनोवरचा जांभळा रंग राखाडी-तपकिरी. होकुसाईच्या प्रचंड लाटेच्या प्रसिद्ध चित्रात मागच्या आभाळाला मुळात गुलाबी छटा होती, ती बहुतेक प्रतींत पिवळट कागदात विरून गेली आहे. आपण मात्र ते बघून मान डोलावतो: किती संयत, किती हळवे रंग, हीच ती जपानी अभिरुची! यातला बराचसा संयम उन्हाने आणला आहे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. जे संग्रहालय ही चित्रं दाखवतं, त्याने जुन्या प्रतीशेजारी त्याच चित्राची ताजी छपाई ठेवावी. लाकडाचे ठसे नव्याने कोरून, हाताने, जुन्या पद्धतीने केलेली छपाई. आणि ती काचेआड न ठेवता बघणाऱ्याच्या हातात द्यावी. या सूचनेला दोन्हीकडून विरोध होतो. अभिरक्षकांना वाटतं, अस्सलाचं मोल कमी होईल. संग्राहक म्हणतात, नक्कल ती नक्कल.

आधी रंगांचं. एदोच्या छापखान्यातली रंगांची यादी मराठी माणसाला परकी वाटू नये. लाल-गुलाबी रंग येई करडईच्या फुलांपासून. आपल्याकडे कुसुंबी म्हणतात तोच. पिवळा हळदीचा, किंवा हरताळाचा. नारिंगी म्हणजे शेंदूर. विटकरी तांबडा गेरूच्या जातीचा. निळ्यासाठी एक तर नीळ, नाहीतर त्सुयुकुसा नावाच्या रानफुलाचा रस. हे फूल आपल्या शेताच्या बांधावरच्या केन्याचं सख्खं भावंड. काळा काजळीच्या शाईचा. चमक हवी तर अभ्रकाची पूड.

यातले टिकणारे कोण आणि दगा देणारे कोण, हे रंग बनवणाऱ्यांना तेव्हाही माहीत होतं. काजळी आणि गेरू ढिम्म हलत नाहीत. नीळ बऱ्यापैकी टिकते. कुसुंबी आणि हळद उजेडात उडतात, आणि केन्याच्या भावंडाचा निळा तर उजेडाला भितोच, पण पाण्याच्या थेंबानेही पसरतो. शेंदराची तऱ्हा वेगळी, तो उडत नाही, काळा पडतो. जांभळा बहुधा त्या निळ्यात कुसुंबी मिसळून केलेला, म्हणजे दोन दगाबाजांची भागीदारी. त्यामुळे जांभळा सगळ्यात आधी जातो, आणि एदोच्या शौकिनांना आवडणाऱ्या रंगांत जांभळा वरच्या पंगतीत होता. १८३० च्या सुमाराला बर्लिनचा कृत्रिम निळा रंग स्वस्तात मिळू लागला आणि होकुसाईची फुजी पर्वताची मालिका त्याच्यावर उभी राहिली. तो रंग पक्का आहे. त्याच मालिकेतली ती लाट आज निळीभोर दिसते आणि आभाळ मेलेलं दिसतं, त्याचं कारण एवढंच.

संग्रहालयं काळजी घेत नाहीत असं कुणी म्हणणार नाही. साधारण नियम ५० लक्स उजेडाचा; लक्स हे उजेड मोजायचं एकक. काही आठवडे किंवा तीन महिने चित्र बाहेर, मग काही वर्षं अंधाऱ्या कपाटात. हिशोब करून बघा. रोज ८ तास, ९० दिवस, ५० लक्स म्हणजे ३६,००० लक्स-तास. भर दुपारच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स असतात. म्हणजे तीन महिन्यांच्या प्रदर्शनाचा सगळा उजेड उन्हातल्या वीस-बावीस मिनिटांइतका. काळजी खरीच आहे. पण उजेडाचं नुकसान साठत जातं, एकदा गेलेला रंग परत येत नाही, आणि ५० लक्सच्या त्या संध्याकाळसारख्या प्रकाशात बघणाऱ्याला दिसतं तरी काय? मुळात उडालेले रंग, त्यात अंधार, वर काच.

काचेमुळे आणखी एक गोष्ट हरवते. ही चित्रं भिंतीसाठी नव्हतीच. ओबान आकाराचा कागद सुमारे ३९ बाय २६ सेंटिमीटर. तो हातात धरायचा, चटईवर बसून कलता करून बघायचा. शाराकु या चित्रकाराची नटांची पहिली २८ मोठी मुखचित्रं १७९४ साली आली, ती गडद अभ्रकाच्या पार्श्वभूमीवर. कागद हलवला की पार्श्वभूमी चकाकते आणि चेहरा पुढे येतो. पांढऱ्या किमोनोची नक्षी, मांजराचे केस, बर्फाची जाडी दाखवायला रंग न लावता नुसता ठसा दाबून उठाव आणत, त्याला काराझुरी म्हणतात. बोटाला कळणारी ही गोष्ट समोरून पडणाऱ्या उजेडात चक्क अदृश्य होते. पडद्यावरच्या फोटोतही ती येत नाही, म्हणून फोटो कितीही बारकाईचा असला तरी माझ्या मागणीचं उत्तर होत नाही.

आता ‘नक्कल’ या आरोपाकडे. नक्कल म्हणायला अस्सल काय होतं ते आधी ठरवावं लागेल, आणि इथे ठसा कसा बनतो हे बघितल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

चित्रकार पातळ कागदावर काळ्या शाईने रेषांचं चित्र काढून देई. प्रकाशक ते तपासनिसाकडे पाठवी. १७९० पासून मंजुरीचा ‘किवामे’ शिक्का लागे. मग कोरक्या तो कागद पालथा करून खळीने रानचेरीच्या फळीवर चिकटवी. फळी झाडाच्या लांबीतून कापलेली, चांगली मुरलेली. ओली राहिली तर पुढे तडकते किंवा वाकते. चिकटलेल्या कागदाची पाठ बोटाने चोळून थर काढायचा, उरलेल्यावर तेलाचा हात फिरवायचा, की रेषा लाकडावर लिहिल्यासारखी दिसते. मग सुरीने रेषेच्या दोन्ही कडांनी छेद, आणि मधलं लाकूड नखणीने आणि गोल पटाशीने काढून टाकायचं. चित्र कोरता कोरता चित्रकाराचा कागद नाहीसा होतो. होकुसाईच्या लाटेचं ‘मूळ चित्र’ कुठे आहे, असं विचारणाऱ्याला उत्तर आहे: भुश्यात गेलं.

त्याच फळीवर खाली कोपऱ्यात काटकोनी खाच आणि त्याच कडेला पुढे एक सरळ खाच ठेवतात. हे केंतो, म्हणजे जुळवणीच्या खुणा. रेषेच्या ठशावरून दहा-पंधरा काळ्या प्रती काढतात, त्यांवर चित्रकार कुठे कोणता रंग ते लिहून देतो, आणि एकेक प्रत एकेका नव्या फळीवर चिकटवून रंगांचे ठसे कोरले जातात. केंतोही प्रतीबरोबर तिथे जातो, त्यामुळे सगळ्या फळ्या एकमेकींशी जुळतात. केस, चेहरा आणि सही मुख्य कोरक्याकडे. कपडे आणि पार्श्वभूमी हाताखालच्यांकडे. कपाळाशी केसांची मुळं जिथे सुटी होतात, त्या रेषा चित्रकार मोघम दाखवून सोडी आणि कोरक्या आपल्या मनाने पुऱ्या करी. उतामारोच्या ज्या नाजूक केशरेषेवर जग फिदा आहे, ती पुष्कळ अंशी सुरीची आहे, कुंचल्याची नव्हे.

छपाईचंही तसंच. कागद होशो जातीचा, तुतीच्या कुळातल्या कोझो झुडपाच्या सालीचा, सरस आणि तुरटीचं पाणी दिलेला; ते पाणी कमी पडलं तर रंग फुटतो, तुरटी जास्त झाली तर काही वर्षांनी कागद कडक होतो. छपाईच्या आदल्या दिवशी कागद ओलावून गठ्ठा रात्रभर दाबून ठेवतात, म्हणजे ओल सगळीकडे सारखी मुरते. ठशावर रंग आणि भाताची खळ ब्रशने एकत्र फिरवायची, कागद केंतोत बसवायचा आणि बारेनने पाठीवरून रगडायचं. बारेन म्हणजे बांबूच्या सालीची पिळलेली दोरी चकतीत बसवून वर सालच गुंडाळलेली गोल गादी. खळ कमी पडली की रंग तिळासारखा ठिपकेदार उमटतो. कागद मधेच सुकू लागला तर आकसतो: ३९ सेंटिमीटरचा कागद अर्धा टक्का आकसला तरी दोन मिलिमीटरचा फरक, म्हणजे ओठाचा लाल रंग हनुवटीवर. फळीही दिवसभर पाणी पिऊन फुगते, त्यामुळे छापणारा केंतोत मधूनमधून लाकडाची बारीक कपची बसवून जुळणी सावरतो.

आभाळाचा गडद रंग खाली येता येता विरत जातो, तो बोकाशी. ठशावर त्याचा मागमूस नसतो. ठसा सपाटच असतो. ओल्या फडक्याने ठशावरचा रंग दर प्रतीला नव्याने पुसून ही छटा आणतात. म्हणजे हिरोशिगे या चित्रकाराच्या चित्रांतल्या संध्याकाळी छापणाऱ्याच्या मनगटातल्या आहेत. त्याच्या तोकाइदो या जुन्या हमरस्त्याच्या मालिकेतल्या, कानबारा या मुक्कामाच्या रात्रीच्या बर्फाच्या दोन तऱ्हा मिळतात: एकीत अंधार वरून उतरतो, दुसरीत तो क्षितिजाशी साचलेला असतो. ठसे तेच, रात्र वेगळी. त्याच्याच १८५७ च्या पुलावरच्या पावसाच्या चित्रात सरी दोन वेगळ्या ठशांवर कोरल्या आहेत, किंचित निराळ्या कोनात, म्हणून पाऊस खरा वाटतो. व्हॅन गॉगने १८८७ साली त्या चित्राची तैलरंगात प्रतिकृती केली. त्या प्रतिकृतीला कुणी नाकं मुरडत नाही, हे जाता जाता.

पहिली खेप साधारण २०० प्रतींची. खपलं तर पुढच्या खेपा. त्यांत प्रकाशक रंग बदली, छटा वगळी, एखादा ठसाच कमी करी. रेषा झिजत, चौकटीच्या कडा तुटत. लाटेची प्रत आधीची की नंतरची, ते तज्ज्ञ याच तुटक्या कडांवरून ओळखतात. चित्रकाराला याचा पत्ताही नसे. एका प्रतीची किंमत २० मोनच्या (तेव्हाच्या तांब्याच्या नाण्यांच्या) आसपास, जेव्हा सोबा शेवयांची वाटी १६ मोनला मिळे. त्याच लाटेची एक प्रत २०२३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात २७.६ लाख डॉलरला गेली. लाटेच्या शंभराहून थोड्या अधिक प्रती आज ठाऊक आहेत, आणि त्या एकमेकींसारख्या नाहीत. यातली अस्सल कोणती?

एवढं सांगून ताज्या छपाईच्या बाजूने निकाल लागला असं मात्र नाही. तीन आक्षेप खरोखर वजनदार आहेत.

पहिला कोरक्याचाच आहे. मूळ कागद भुश्यात गेल्यामुळे आजचा कोरक्या जुन्या प्रतीवरून घेतलेल्या आराखड्यावर कोरतो. छापलेली रेषा मूळ रेषेपेक्षा जाड असते, कारण ओल्या कागदावर शाई कडेला थोडी पसरते. तिच्या बाहेरच्या कडेवर कोरलं तर नवी प्रत छापताना ती पुन्हा पसरते, आणि दोनदा सुजलेल्या रेषेचा चेहरा मठ्ठ दिसतो. बाजारातल्या निम्म्या पुनर्मुद्रणांची दुखणी इथली आहेत. उपाय आहे: चांगल्यात चांगली सुरुवातीची प्रत निवडायची आणि रेषेच्या आतल्या अंगाने कोरायचं. पण त्याला कुंचला कुठे दाबला, कुठे उचलला हे कळणारा हात लागतो, आणि तो उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षांच्या उमेदवारीनेच येतो. तोक्योच्या अदाची संस्थेसारख्या मोजक्या ठिकाणी अजून अशी उमेदवारी होते. संग्रहालयांनी या छपाया विकत घेतल्या, तर त्या हातांना काम मिळेल. भेटवस्तूंच्या दुकानात होकुसाईचे छत्र्या-मोजे विकण्यापेक्षा हा खर्च सार्थ आहे.

दुसरा आक्षेप रंगांचा: मूळ छटा काय होती हे ठरवणार कोण? अंदाज बांधून भडक रंग ठोकले तर एका गैरसमजाच्या जागी दुसरा येईल. हे बरोबर आहे. म्हणून प्रत्येक रंगामागे पुरावा हवा. कुसुंबी रंग अतिनील किरणांत चमकतो, हरताळातलं आर्सेनिक आणि शेंदरातलं शिसं क्ष-किरणांना सापडतं, कागदाला धक्का न लावता. शिवाय स्पॉल्डिंग संग्रहासारख्या प्रती ताडून बघता येतात. जिथे पुरावा नाही, तिथे तसं पाटीवर लिहावं.

तिसरा आक्षेप लबाडीचा. ताजी छपाई चहाच्या पाण्यात बुडवून जुनी म्हणून विकायची खोड जुनी आहे. इलाज एदोतच सापडतो: १८५० च्या सुमाराच्या छापचित्रांवर कधीकधी कोरक्याचं नाव चौकटीत कोरलेलं असे, ‘होरी ताके’ म्हणजे ‘कोरणारा ताके’ असं. नव्या ठशातही कोरक्याचं नाव, छापणाऱ्याचं नाव आणि साल चित्राच्या समासात लाकडातच कोरलं पाहिजे, कापून टाकता येणार नाही इतकं रेषेला खेटून. पाठीमागे मारलेला शिक्का चालणार नाही. पाठ खरवडता येते. आणि मग जुन्या प्रतीच्या पाटीवरही प्रकाशकाचं नाव चित्रकाराच्या बरोबरीच्या अक्षरात यायला काय हरकत आहे? त्सुताया जूझाबुरो या प्रकाशकाने उतामारो आणि शाराकु यांना उभं केलं, १७९१ साली सरकारी शिक्षेत निम्मी मालमत्ता गमावली, आणि पाटीवर त्याला जागा मिळत नाही.

रंगांचा हा वाद नुसत्या डोळ्यांच्या सुखाचा असता तर इतकं भांडायचं कारण नव्हतं. पण रंग विटले की चित्राचा अर्थही विटतो. ही चित्रं म्हणजे दहा लाखांवर वस्तीच्या शहराची जाहिरातबाजी होती. नटांची चित्रं नाटकं भरवायला, किमोनोंची चित्रं कापड खपवायला. हिरोशिगेच्या सुरुगाचो या एदोतल्या पेठेच्या चित्रात फुजीखाली दुतर्फा एचिगोयाचं कापडदुकान पसरलं आहे, आजच्या मित्सुकोशी या बड्या दुकानाचं पूर्वरूप. एइसेन या चित्रकाराच्या सुंदरींच्या आसपास ‘बियेन सेन्जोको’ या चेहऱ्याच्या पावडरीची पुडी ठेवलेली दिसते. आणि योशिवारा, एदोची सरकारमान्य वेश्यावस्ती! तिथल्या बायका बहुतेक लहानपणी गरीब घरांतून विकत आणलेल्या, कर्जात बांधलेल्या. १८५५ च्या भूकंपात तो मोहल्ला जळाला तेव्हा त्यांतल्या अनेक जणी तिथेच मेल्या. त्यांची चित्रं जांभळ्या-गुलाबी लखलखाटात बघितली की कळतं, हे गिऱ्हाइकासाठी लावलेलं दुकान आहे. तीच चित्रं तपकिरी झाली की त्यांना एक उदास, काव्यमय मौन येतं, आणि आपण त्या मौनाच्या प्रेमात पडतो. वास्तवाला हरताळ फासणं म्हणतात ते हेच. इथे तर खुद्द हरताळही उजेडात फिका पडतो.

सरकारला या भडकपणाचं वावडं होतं, हाही पुरावाच. १८४२ च्या फर्मानाने नट आणि गणिका यांची चित्रं बंद झाली, रंगांच्या ठशांची संख्या सात-आठवर आणि किंमत १६ मोनवर आणली गेली. संयमी अभिरुचीच्या लोकांसाठी असला कायदा करावा लागत नाही. कुनियोशी या चित्रकाराने त्यावर शोधलेली पळवाट फार मजेची आहे: त्याने वखारीच्या भिंतीवर पोरांनी खिळ्याने ओरबाडल्यासारखी चित्रं छापली, आणि त्या रेघोट्यांत एदोचे सगळे लाडके नट ओळखू येत होते. मध्ये एक दोन पायांवर नाचणारं मांजरही आहे. मुद्दाम गबाळ्या दिसणाऱ्या त्या रेघा कोरताना कोरक्याने काय घाम गाळला असेल!

राहिला प्रश्न, नवी छपाई पक्क्या आधुनिक रंगांत करावी की जुन्या कच्च्या रंगांत. बहुतेक ठिकाणी पक्के रंग वापरतात आणि विकायच्या प्रतींसाठी ते ठीक आहे. संग्रहालयासाठी मात्र मी कच्च्या रंगांचा आग्रह धरीन. करडईचा गुलाबी आणि केन्याच्या भावंडाचा निळा घालून हारुनोबुचं जांभळं आकाश छापा, अर्धा कागद काळ्या पुठ्ठ्याखाली झाका आणि खिडकीत लावा. पाटीवर फक्त तारीख लिहा. काही महिन्यांनी पुठ्ठा उचलून दाखवायचा. आणि कागदावरचा रंग पुरता उडाला की त्याच ठशावरून दुसरा छापायचा, ठसे आहेतच.